पदाच्या आधीचं वाक्य

संगीत नाटकाच्या भवितव्यावर परिसंवाद भरला की बोलणाऱ्यांच्या दोन फळ्या आधीच ठरलेल्या असतात. पहिली फळी म्हणते, प्रेक्षकांचा कान बिघडला. शाळेपासून रागदारीची ओळख करून द्या, म्हणजे पुढची पिढी आपोआप ‘सौभद्र’ला येईल. दुसरी म्हणते, नाटकंच शिळी झाली. दोन तासांत बसवा, पदं कापा, ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आणा, म्हणजे तरुण येतील. मग चहा होतो. चहानंतर तीन गायक नाट्यपदं गातात आणि सकाळपासून अर्धं रिकामं असलेलं सभागृह तेव्हा मात्र भरतं. त्या गर्दीकडे बोट दाखवून दोन्ही फळ्या आपलंच खरं ठरल्याचं सांगतात आणि मंडळी घरी जातात.

मला यातलं काहीच पटत नाही. माणूस संगीत नाटकाच्या प्रेमात पडतो तरी कुठे, हे कुणी विचारतच नाही. माझं उत्तर सरळ आहे: तो सांध्यावर पडतो. पात्र बोलत असतं. बोलता बोलता त्याला जे म्हणायचं आहे ते गद्यात मावेनासं होतं, मागे ऑर्गनवर सूर धरलेला ऐकू येतो, आणि वाक्य कुठे संपलं नि पद कुठे सुरू झालं हे कळायच्या आत ते पात्र गात असतं. हा क्षण साधला तर ज्याला यमन आणि भूप यांतला फरक कळत नाही तोही खुर्चीत पुढे सरकतो. फसला तर भले भले जाणकार घड्याळ बघतात. आणि आपण गेली काही दशकं केलं काय? पदं जपली, त्यांच्या चाली जपल्या, कुणी कुठे गळ्यातली कोणती हरकत घेतली याच्या आठवणीसुद्धा जपल्या. पदाच्या आधीचं वाक्य मात्र टाकून दिलं.

हा सांधा मी उगाच मोठा करून सांगत नाही. हा नाट्यप्रकार जन्मलाच त्यावर. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हाही गाणं भरपूर होतं, पण ते सूत्रधाराच्या गळ्यात. त्यानं पद म्हणायचं, पात्रानं त्यावर हावभाव करायचे आणि मग आपलं भाषण आयत्या वेळी सुचेल तसं ठोकायचं. म्हणजे शोक सीतेचा, आणि सूर दुसऱ्याच कुणाचा तरी. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. त्यांनी पद सूत्रधाराकडून काढून घेतलं आणि पात्राच्या तोंडी दिलं, संवादही लिहून बांधून दिले. बोलणारं आणि गाणारं माणूस एक झालं. मराठी माणूस त्याआधी कीर्तन ऐकत होता, लावणी ऐकत होता, भाव्यांचे खेळही बघत होता. त्याला गाण्याची उपासमार होती असं थोडंच आहे? मग 1880 नंतर त्याला वेड लागलं ते कशाचं? गाणं जुनंच होतं. ज्याच्या जिवावर बेतलंय तोच गातोय, हे नवं होतं.

“पण माणसं मध्येच गायला का लागतात?” संगीत नाटक न आवडणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न, आणि जाणकार तो हसण्यावारी नेतात. मला तो अगदी रास्त वाटतो. रंगमंचावरच्या खोलीला चौथी भिंत नसते, यावर कुणी हरकत घेत नाही. नट प्रेक्षकांकडे तोंड करून स्वगत म्हणतो, तेही खपतं. मग गाण्यावरच आक्षेप का? कारण बहुतेक वेळा आपण जे बघतो त्यात सांधा खरोखरच निखळलेला असतो. संवाद संपतो, नट दोन पावलं पुढे येतो, ऑर्गनवाल्याकडे बघतो, घसा साफ करतो, समोरची प्रेयसी एकदम खांबासारखी उभी राहते आणि पुढची सात मिनिटं तिला काय करावं ते सुचत नाही. अशा वेळी प्रेक्षक अवघडतो, कारण त्यानं नाटक नीट पाहिलेलं असतं. त्याचं ते अवघडणं म्हणजे टीकाच असते, आणि ती बरोबर असते. त्यावर त्याला “तुम्हाला राग कळत नाही” असं सुनावणं म्हणजे आपला दोष त्याच्या पदरात घालणं.

आता समोरच्यांची बाजू, कारण ती कच्ची नाही. पहिला मुद्दा असा की लोक आधी चालीच्या प्रेमात पडतात, नाटक मागून येतं. हे खरंच आहे. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा, लावण्यांच्या चाली असं लोकांच्या कानात आधीपासून बसलेलं सगळं उचललं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 1896 च्या ‘वीरतनय’मध्ये पारशी रंगभूमीकडच्या चाली आणल्या, त्याही तेव्हा लोकांच्या ओठांवर होत्या. लंडनमध्येही हेच घडलं होतं. 1728 मध्ये जॉन गे यांनी ‘बेगर्स ऑपेरा’ केला तो रस्त्यावरच्या, दारूच्या गुत्त्यांतल्या माहितीच्या चाली घेऊन. शब्द तेवढे नवे, आणि गाणारे कोण, तर चोर, वेश्या, तुरुंगाधिकारी. तेव्हा ओळखीची चाल प्रेक्षकाला दारापर्यंत आणते, हे कबूल. पण दारापर्यंतच. लंडनकरांना त्या चाली घरबसल्या फुकट येत होत्या. त्यांना थिएटरात बसवून ठेवलं ते भलत्याच माणसानं भलत्याच प्रसंगी त्या गाण्यातल्या गमतीनं. ओळखीच्या चालीत अनोळखी परिस्थिती भरली की कान सुखावतो आणि डोकं चक्रावतं, दोन्ही एकाच वेळी. त्याच नाटकावरून 1928 मध्ये जर्मन नाटककार ब्रेख्तनं बर्लिनमध्ये आपलं नाटक केलं, आणि त्यावरून 1978 मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’. ब्रेख्तची गंमत अशी की त्याला हा सांधा लपवायचाच नव्हता. गाणं आलं की प्रकाश बदलायचा, पाटी लागायची, प्रेक्षकाला जागं करायचं. म्हणजे सांधा मुद्दाम उसवण्यासाठीसुद्धा तो कुठे आहे हे नेमकं माहीत असावं लागतं.

दुसरा मुद्दा अधिक अवघड, कारण त्याच्या पाठीशी खुद्द बालगंधर्व उभे आहेत. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. दोन नाटक कंपन्यांचे दोन मानबिंदू एका रंगमंचावर. त्या रात्री धैर्यधराचा अपमान होतो की मान, याची किती जणांना फिकीर होती? लोक दोन गळ्यांची जुगलबंदी ऐकायला आले होते. एकेका पदाला वन्समोअर, नाटक पहाटेपर्यंत, तबल्याला पुढे थिरकवांसारखा उस्ताद. गंधर्व कंपनीच्या वैभवाच्या काळात नाटक हे मैफलीचं निमित्त झालं होतं असं कुणी म्हटलं तर मला नाकारता येणार नाही. पद तिसऱ्यांदा म्हटलं जातं तेव्हा पात्र उरत नाही, गायक उरतो. आणि तरीही महाराष्ट्रानं त्यावर जीव ओवाळून टाकला. मग माझ्या सांध्याचं काय?

दोन गोष्टी. बालगंधर्वांचं गाणं मैफलीसारखं लांबलं तरी त्यांची पदफेक संवादाच्या अंगानं जात असे, हे त्यांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांतही ऐकू येतं. शब्द चिरडून तान घेणं नाही; आधी वाक्य, मग त्या वाक्याचा सूर. कपडेपट, दागिने, अत्तरं यांच्या कथा सगळ्यांना पाठ असतात, ही साधी गोष्ट मात्र निसटते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाण्यासाठीच नाटकाला येणारा प्रेक्षक घडवण्याची किंमत पुढच्या दहा वर्षांत चुकती करावी लागली. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, 1932 मध्ये मराठीत ‘अयोध्येचा राजा’. बोलपटानं संगीत नाटक मारलं, असं आपण शाळेत लिहितो तसं लिहून मोकळे होतो. पण बोलपटानं नेमकं काय पळवलं? गाणं पळवलं, कारण ते स्वस्तात, गावोगावी, वन्समोअरच्या गोंधळाशिवाय मिळू लागलं. कंपन्यांचे अवाढव्य खर्च आणि डोक्यावरची कर्जं ही कारणं होतीच; पण जो प्रकार स्वतःला फक्त गाण्याचं दुकान समजू लागतो, त्याच्या शेजारी मोठं दुकान उघडलं की तक्रार करायला त्याला जागा राहत नाही. जे बोलपटाला घेता येत नव्हतं ते म्हणजे समोरचं जिवंत माणूस श्वास घेऊन बोलण्यातून गाण्यात जातं तो धोका. नेमका तोच तोवर निष्काळजीपणे उधळला गेला होता.

कापाकापीला पाप समजणाऱ्यांनी पुढचा इतिहासही बघावा. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. गाणी थोडकी, भावगीतासारखी आटोपशीर, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया. 1942 च्या ‘कुलवधू’त मास्टर कृष्णरावांच्या चाली आणि ज्योत्स्नाबाई भोळ्यांचा आवाज; पदं लहान आणि प्रसंगात घट्ट बसलेली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. म्हणजे छाटणीला विरोध करायचं काहीच कारण नाही. माझी तक्रार दुसऱ्या फळीशी वेगळी आहे: ते कात्री चालवतात तेव्हा आधी संवाद कापतात आणि लोकप्रिय पदं ठेवतात. उलटं करावं. ‘शाकुंतल’मध्ये शंभरावर पदं आहेत, त्यांतली निम्मी गेली तरी शकुंतलेचं काही बिघडणार नाही. पण उरलेल्या प्रत्येक पदाच्या आधीची दहा वाक्यं जागेवर हवीत.

कान तयार करण्याचं काय? भास्करबुवा बखल्यांनी 1916 च्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्यापासून नाट्यपदात अस्सल रागदारी शिरली आणि ती समजायला थोडी तयारी लागते, हा युक्तिवाद मी मान देऊन ऐकतो. नाट्यपदांच्या वाटेनं ख्यालापर्यंत पोचलेली माणसं महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. पण या वाक्यातच उत्तर दडलेलं आहे. ती माणसं नाटकातून रागाकडे गेली, रागाकडून नाटकाकडे आली नाहीत. आपण क्रम फिरवतो आहोत. ‘स्वयंवर’ ऐकणाऱ्या सगळ्यांनी काही गंडा बांधलेला नव्हता. आणि गाता गळा तरी सगळ्यांनाच कुठे होता? ‘मानापमान’मधला गणपतराव बोडसांचा लक्ष्मीधर गाण्यावर उभा नव्हता, तरी तो लोकांच्या लक्षात राहिला. ब्रॉडवेवर 1956 मध्ये ‘माय फेअर लेडी’त रेक्स हॅरिसननं आपली गाणी जवळजवळ बोलूनच म्हटली, कारण त्याला गाता येत नव्हतं, तरी ते नाटक 2,717 प्रयोग चाललं. त्याचं बोलणं कधी गाण्यात गेलं हे कळत नाही, यातच त्याची मजा होती. गळा नसलेल्या नटाला सांधा साधता येतो आणि सांधा न साधलेल्या गवयाला नाटक साधत नाही, हे इतकं उघड असून आपल्याकडे संगीत नटाची निवड अजून फक्त तानेवर होते.

एक आक्षेप तरुण मुलींकडून येतो, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. ही नाटकं ज्या जगातली आहेत ते जग आम्ही का कुरवाळायचं? गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधली सिंधू दारुड्या नवऱ्याचे पाय सोडायला तयार नाही आणि त्यावर एक अप्रतिम पद म्हणते. या पतिव्रतेच्या प्रेमात आज कुणी का पडावं? पडू नयेच. पण मैफलीत ते पद ऐकताना काय होतं ते बघा. सुंदर जरीची साडी, सुंदर आवाज, हलक्या माना, टाळ्या. सिंधूचा त्याग निव्वळ गोड होतो. तेच पद नाटकात माहेरची माणसं तिला न्यायला आलेली असताना येतं. समोर वाट उघडी आहे आणि ही बाई गाऊन ती बंद करते आहे. आजच्या प्रेक्षकाला तिथे राग येईल, ओरडून सांगावंसं वाटेल, आणि सूर इतका आर्त असेल की त्या रागाला बाहेर पडायला जागाही मिळणार नाही. ही अस्वस्थता हाच त्या नाटकाचा जिवंतपणा आहे. देवलांच्या ‘शारदा’चंही तसंच. 1899 चं नाटक, पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्याला देऊ बघणाऱ्या बापाचं. त्यातलं ‘पाऊणशे वयमान’वालं थट्टेचं पद आपण लग्नाच्या पंगतीत हसत म्हणतो. नाटकात मात्र हसता हसता आठवतं की ही चेष्टा ज्याची चालली आहे त्याच्याच गळ्यात त्या पोरीला बांधणार आहेत. प्रसंग काढून टाकला की जुनी मूल्यं शिल्लक राहतात आणि त्यांच्यावर केलेली टीका गळून पडते. तेव्हा प्रतिगामी कोण, नाटक की आपल्या मैफली?

‘हॅमिल्टन’चं उदाहरण माझ्याविरुद्ध हमखास दिलं जातं. 2015 मध्ये न्यूयॉर्कला आलेलं हे संगीत नाटक जगभरच्या लाखो मुलांनी आधी फक्त ऐकलं, मंचावरची चित्रफीत लोकांसमोर 2020 मध्ये आली, आणि तरी ती मुलं त्याच्या प्रेमात आकंठ बुडाली. मग सुटी गाणी पुरतात की! पुरत नाहीत, कारण ती सुटी नव्हतीच. ते नाटक जवळजवळ पूर्ण गायलेलं आहे. त्याचं ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं की गोष्ट, भांडणं, सूड, मरण सगळं क्रमानं कानावर पडतं. त्या मुलांनी नाटकच ऐकलं. आपल्याकडे ‘सौभद्र’ पहिल्यापासून शेवटपर्यंत संवादांसकट ऐकणारे किती आणि त्यातलं एखादं पद कार्यक्रमात भैरवीच्या आधी ऐकणारे किती? ऐकलेल्या पदातला संन्यासी हा वेष पालटलेला अर्जुन आहे आणि त्याची सेवा करणाऱ्या सुभद्रेला ते माहीत नाही, एवढं जरी प्रत्येकाला ठाऊक असतं तरी मी गप्प बसलो असतो.

आणि सगळं जुन्याच नाटकांवर का तोलायचं? 2017 मध्ये प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आलं. रंगमंचावर दोनच बायका. पायात काटा रुतलेली तुकोबांची आवली आणि तिची शुश्रूषा करायला लखूबाई होऊन आलेली रखुमाई. गद्याचं बोट धरून ओवी येते, ओवीतून भांडण निघतं, भांडणातून पुन्हा गाणं. आवली विठ्ठलाला शिव्या घालते आणि ऐकणारी त्याची बायको असते, तिचीही त्याच्याशी अढी. असं जमलं की त्या दोघींनी कधी गावं आणि कधी बोलावं असा प्रश्न उरत नाही. ज्यांना नाट्यसंगीताची काडीची ओळख नाही अशा मुलांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. कान तयार करणारी कार्यशाळा त्यांच्यासाठी कुणी घेतली होती? ओवी-अभंग मात्र आधीच कानात होते, किर्लोस्करांच्या प्रेक्षकाच्या कानात साकी-दिंडी होती तसे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’त तर वादच गायकीचा आहे. 1967 च्या त्या नाटकात संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी एकच पद दोन चालींत बांधलं, कारण दोन घराणी एकमेकांसमोर उभी होती. गाणं ऐकलं नाही तर गोष्टच कळत नाही. 2015 मध्ये त्याचा चित्रपट आला, चालला, आणि तो बघून निघालेली कॉलेजातली पोरं विचारू लागली, आता असं अजून काय बघायला मिळेल? आपण त्यांच्या हातात काय दिलं? नाट्यगीतांचे कार्यक्रम. निवेदक दोन विनोद आणि एक आठवण सांगतो, गायक पद म्हणतो, पुन्हा निवेदक.

म्हणून एक साधी सूचना. गावोगावी नाट्यगीत गायनाच्या स्पर्धा होतात आणि त्यांत ठरलेल्या काही मिनिटांत पद म्हणून मुलं बक्षिसं घेऊन जातात. त्यांतल्या अनेकांना आपण गातो ते पात्र कोण हेही सांगता येत नाही. परीक्षक विचारत नाहीत, मग त्यांनी का वाचावं? नियम बदला. पदाला त्याच्या आधीचा प्रवेश जोडायचा, समोर दुसरं पात्र उभं करायचं, आणि निम्मे गुण बोलण्यातून गाण्यात जाण्याला द्यायचे. गोव्यात देवळांच्या जत्रांना गावकरी आजही संगीत नाटक उभं करतात. भूमिका करणारा दिवसा शेतात किंवा बँकेत असतो, तान कधी कधी फसते, पण अख्खा प्रवेश लोकांसमोर येतो. मोठ्या शहरांतल्या संस्थांना एवढं जमू नये असं काही नाही. एका संध्याकाळी वीस पदांऐवजी तीन प्रवेश करा, संवादांसकट, आणि त्यात समोर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या नटालाही मानधन द्या. तिकीट तेवढंच राहील. खर्च थोडा वाढेल, तालमी बऱ्याच वाढतील, आणि निवेदकांची कामं जातील.